श्रीरामपूरचे जलद गोलंदाज श्री. झहीर खान

युरोपातील हिमप्रदेशांत एक विलक्षण शर्यत होत असते. खेळाडूने पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फावरून मैलोगणती धाव घ्यावयाची आणि मध्येच थांबून, ऊर धपापत असताना, बंदुकीने लहानशा लक्ष्याचा वेध करावयाचा. आमच्या जिल्ह्यात बर्फ पडत नाही. परंतु धाप लागली असताही नेम ढळू न देणे हे ज्यात मुख्य, असा एक व्यवसाय आमच्याही मैदानांवर आहे. तो म्हणजे क्रिकेटमधील जलद गोलंदाजी. ह्या विद्येत जगभर नाव मिळविणारे श्री. झहीर खान हे आपल्याच जिल्ह्यातील श्रीरामपूरचे. त्यांची हकीकत विद्यार्थ्यांस व पालकांस सारखीच बोधप्रद वाटेल, म्हणून ती येथे थोडक्यात देतो.

त्यांचा जन्म इ. स. १९७८ मधला. अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून त्यांनी क्रिकेटची वाट धरली. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे ते हेच, असे कोणाही सूज्ञ पालकास वाटावे. प्रथम मुंबईस व पुढे चेन्नईच्या एम. आर. एफ. पेस फाउंडेशनमध्ये त्यांनी गोलंदाजीचे पाठ घेतले, आणि बडोद्याच्या संघातून खेळून नाव कमाविले. इ. स. २००० च्या ऑक्टोबरात नैरोबी येथे ते भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळले, व नोव्हेंबरात ढाका येथे पहिला कसोटी सामना.

त्यांचे मुख्य अस्त्र म्हणजे हवेत वळणारा चेंडू. हा वळतो कसा? चेंडूच्या मध्यावरून शिवण गेलेली असते. खेळाडू एक बाजू घासून गुळगुळीत राखतात व दुसरी खडबडीत होऊ देतात. शिवण किंचित तिरपी धरून चेंडू टाकला, म्हणजे गुळगुळीत बाजूवरील हवा लवकर सुटते. दुसऱ्या बाजूची हवा शिवणीने खवळून चेंडूस अधिक वेळ बिलगून राहते. त्यामुळे शिवण जिकडे कललेली असेल तिकडे चेंडू वळतो. चेंडू जुना झाला व वेगही पुरेसा असला, तर तो नेमका उलट दिशेस वळतो. ह्यास ‘रिव्हर्स स्विंग’ म्हणतात. फलंदाजास हे सर्व ओळखण्यास सुमारे अर्धा सेकंद मिळतो. श्री. खान डावखुरे असल्यामुळे त्यांच्या चेंडूचा कोनही निराळा, आणि दोन्ही प्रकारचे वळण त्यांस साध्य होते.

तथापि ही वाट सरळ नव्हती. इ. स. २००३ च्या विश्वचषकात त्यांनी १८ बळी घेतले. परंतु ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या, आणि ७ षटकांत ६७ धावा देऊन एकही बळी मिळाला नाही. इ. स. २००६ मध्ये तर त्यांस संघातून वगळण्यात आले. तेव्हा ते इंग्लंडात वूस्टरशायरकडून खेळावयास गेले. तेथे त्यांनी आपली धाव आखूड केली, वेगापेक्षा अचूकपणाकडे लक्ष दिले, आणि त्या एका हंगामात ७८ बळी मिळविले. त्याच वर्षाअखेर ते भारतीय संघात परतले.

पुढील वर्षी ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्यांनी ९ बळी घेतले, व भारताने २१ वर्षांनंतर इंग्लंडात मालिका जिंकली. इ. स. २०११ च्या विश्वचषकात त्यांचे बळी २१ झाले. मुंबईतील अंतिम सामन्यात त्यांची पहिली तिन्ही षटके निर्धाव होती. शेवटी त्यांस चोप बसून १० षटकांत ६० धावा गेल्या, हेही सांगितले पाहिजे. पण भारताने चषक जिंकला. इ. स. २०१५ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा ९२ कसोट्यांत त्यांचे ३११ बळी झाले होते. इ. स. २०२० मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली.

पालकहो, मुलाने पुस्तक टाकून मैदान गाठावे, असा ह्याचा अर्थ आम्ही करीत नाही. मैदानावर जाणारे हजारो, आणि तेथवर पोहोचणारे विरळा. विद्यार्थ्यांनो, तुम्ही मात्र इ. स. २००६ हे साल ध्यानात ठेवा. सहा वर्षे देशासाठी खेळलेल्या मनुष्याने सत्ताविसाव्या वर्षी आपली धाव पुन्हा पहिल्यापासून मोजली. परीक्षेत एकदा गुण कमी पडले म्हणून पाटी फोडू पाहणाऱ्यास ह्याहून चांगले उदाहरण आपल्या जिल्ह्यात आम्हांस ठाऊक नाही.