मैत्रीचा नकाशा

नद्या, डोंगर व गावे यांचे नकाशे सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु मैत्रीचाही नकाशा काढता येतो. न्यूयॉर्क येथील डॉक्टर जेकब मोरेनो यांनी काढलेले असे नकाशे १९३३ साली लोकांपुढे आले.

त्यांची रीत सोपी होती. ब्रुकलिन भागातील एका शाळेत, 'तुला कोणाच्या शेजारी बसावेसे वाटते?' असे वर्गातील प्रत्येकास विचारण्यात आले. मग कागदावर प्रत्येक मुलासाठी एक त्रिकोण व प्रत्येक मुलीसाठी एक वर्तुळ काढण्यात आले. जो ज्याचे नाव घेई, त्याच्यापासून त्याच्याकडे एक रेघ ओढण्यात येई.

रेघा पुऱ्या होताच वर्गाचे अंतरंग उघड झाले. कोणाकडे अनेक रेघा धावत होत्या. कोठे दोघांनी परस्परांची निवड केली होती. कोठे तिघाचौघांचा निराळाच गट होता. आणि काही आकृत्यांकडे एकही रेघ येत नव्हती. शिक्षकांचे अंदाजही पुष्कळदा चुकलेले आढळले.

उत्तरांची नुसती यादी वाचली असती, तर हे कळणे कठीण होते. ज्याचे नाव कोणीच घेतले नाही, तो यादीत नजरेस येत नाही. चित्रात मात्र त्याची आकृती एकटी उभी दिसते.

अर्थात असा नकाशा भिंतीवर टांगावयाचा नसतो. एकटे पडणे हा काही दोष नव्हे. मूल नवे असेल वा लाजाळू असेल. त्याची जागा बदलून त्याला सोबत मिळवून देणे, हाच त्या नकाशाचा खरा उपयोग होय. नकाशातील उणी रेघ कागदावर काढून भागत नाही. ती कोणीतरी त्याच्या शेजारी जाऊन बसल्यानेच पुरी होते.