वाफ्याची कड, खाडीची माती

‘बॉर्डरला काहीतरी बुटकं, बारमाही हिरवं द्या,’ असं नर्सरीत सांगितलं की बहुतेक वेळा गोल्डन डुरांटाच्या पिशव्या पुढे येतात. पोपटी-पिवळी पानं, स्वस्त आणि चिवट. पण डुरांटा मुळात बुटका नाही. कात्री थांबली की तो माणसाच्या डोक्यावर जातो आणि पावसाळ्यात तर तीन आठवड्यांत रेघ मोडतो. कोपरखैरण्यातल्या रो-हाउसपुढच्या दोन फुटी पट्टीत किंवा सोसायटीच्या वाटेकडेला झाड निवडताना म्हणूनच पहिला प्रश्न उंचीचा असावा: न कापता हे किती वाढेल?

‘सदाहरित’ हा निकष खरा थंड देशांचा. युरोपात बर्फातही वाफ्यांची आखणी दिसावी म्हणून शतकानुशतकं बॉक्सवुड कातरून लावलं गेलं. २००७ मध्ये पूर्व आशियातला एक पतंग जर्मनीत आढळला, त्याच्या अळ्यांनी खंडभर या कुंपणांचा फडशा पाडला आणि तिथले माळी आता पर्याय शोधताहेत. आपल्याकडे बहुतेक झुडपं बारा महिने हिरवीच असतात. इथली परीक्षा वेगळी आहे: जुलैत तुंबणारं पाणी आणि एप्रिल-मेचं ऊन.

आधी माती

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. त्यानंतर ठाणे खाडीलगत शहराचे जे नोड, म्हणजे उपनगरं, उभे राहिले, तिथे बऱ्याच ठिकाणी वर भरावाचा मुरूम आणि खाली खाडीची चिकट माती आहे. त्यात बांधकामाचा चुना-सिमेंट मिसळलेला असतो. एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर झाडाच्या आधी माती बदलायला हवी. वाफा वाटेपेक्षा सहा इंच उंच घ्या आणि लाल माती व कुजलेलं शेणखत मिसळा. कोपरखैरण्याच्या सेक्टर १४ मधलं निसर्ग उद्यान तर जुन्या कचराभूमीवर उभं आहे. नीट भर घातली की कसल्याही जमिनीवर हिरवळ धरते, याचा तो जवळचाच दाखला.

ऊन, सावली, ओल

भर उन्हाच्या कडेला कुफिया उत्तम. बारीक पानं, जांभळी फुलं आणि उंची दीड-दोन फुटांच्या आत. बुटका एक्झोराही शोभतो, पण चुनखडी मातीत त्याला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर दुखणं मातीचं आहे, पाण्याचं नव्हे. सदाफुली ऊन आणि थोडा खारेपणा सोसते, मात्र साचलेल्या पाण्यात तिची मुळं कुजतात. ती पाऊस सरल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास लावावी.

इमारतींच्या सावलीत आपली अबोली घ्या. ती दक्षिण भारत-श्रीलंकेची, अर्ध्या उन्हात फुलणारी. शेंडे खुडले की दाट होते. अगदी सावलीत मोंडो ग्रास किंवा स्पायडर प्लांट चालेल. जिथे ओल हटतच नाही, तिथे ब्राह्मी पसरू द्या; दलदल हेच तिचं घर. पायवाटेच्या कडेला पानओवाही छान, पानाला हात लागला की वास येतो.

खाडीच्या बाजूला खारा वारा लागत असेल तर कोयनेल आहे. ती मुळात खाडीकाठचीच. कातरणी लागते, पण खारं पाणी आणि मुरूम दोन्ही तिला चालतात.

पिवळ्या फुलांचा वेडेलिया मात्र टाळावा. तो प्रत्येक पेराला मुळं फोडत शेजारचा वाफा गिळतो. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. घरात लहान मुलं असतील तर डुरांटाची पिवळी फळं आणि सदाफुली दोन्ही विषारी आहेत, हेही ध्यानात असावं.

लावताना कुफिया आठ इंचांवर, अबोली फुटावर, दोन ओळी एकाआड एक. सगळी पट्टी एकदम विकत घेऊ नका. दोन-तीन जातींची चार-चार रोपं लावा, एक मे आणि एक जुलै जाऊ द्या. जी टिकतील त्यांच्याच फांद्या पुढच्या पावसात खोचा. कुफिया, अबोली, पानओवा तिन्ही फांदीवरून सहज येतात. खर्च वाचतो आणि कडेला तेच झाड उभं राहतं, ज्याने तुमची माती पारखून घेतली आहे.