पुंगळीचा गळा सैल का पडतो, तडकतो का? (एपिसोडचं ट्रान्सक्रिप्ट)

खोपोली लोकलमध्ये नेटवर्क गेलं आणि एपिसोड अर्धाच राहिला, तर हे वाचून काढा.

आजचा प्रश्न खालापूरच्या एका श्रोत्याचा. यूट्यूबवर त्याने पाहिलं की परदेशातले रायफलवाले वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरतात. त्यात काही पुंगळ्यांचा गळा दाबून घेतला तरी गोळी सैल बसते, आणि काहींचा गळा चक्क उभा चिरतो. असं का?

आधी एक गोष्ट क्लिअर करू. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. त्यामुळे हा घरी करून बघायचा प्रयोग नाही. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं, त्या प्रकारात पॉइंट टू टू काडतूस वापरतात. त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, म्हणून ते पुन्हा भरत नाहीत. आजचा विषय मोठ्या रायफलच्या पुंगळीचा आहे.

गळा दाबायचा कशाला?

बार उडाला की आतला दाब पुंगळी फुगवतो आणि ती रायफलच्या खोलीला चिकटून बसते. गळाही रुंद होतो. त्यात नवी गोळी ठेवली तर सरळ आत पडेल. म्हणून पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये घालून फक्त गळा आवळतात. हेच नेक साइझिंग. बाकीचं अंग त्या रायफलच्या मापाचं झालेलं असतं, ते तसंच ठेवतात. काही फेऱ्यांनंतर बोल्ट जड लागायला लागला, की मग मात्र सगळी पुंगळी दाबून घ्यावी लागते.

आता डीबगिंग

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे सवय एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तोच डाय घ्या. एक नवी पुंगळी आणि एक अनेकदा वापरलेली, दोन्ही त्यातून काढा. दोन्हींत गोळी सैल? मग डायचं माप किंवा आतून गळा सारखा करणारा गोळा चुकीचा आहे. नवी घट्ट आणि फक्त जुनी सैल? मग दोष धातूत आहे. तो आतला गोळा बाहेर येताना जोरात ओढावा लागतोय आणि गळा लांबतोय? बहुतेक वेळा गळ्याच्या आत वंगण कमी पडलेलं असतं.

धातूत काय बिघडतं, हे पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत समजतं. तिथे भांड्यावर हातोडीने मठार मारतात. ठोके खाऊन तांबं कडक होतं, म्हणून घडवताना मध्येच ते तापवून नरम करावं लागतं. पुंगळीचं पितळ साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. दर फेरीला गळा फुगतो, पुन्हा आवळला जातो आणि कडक होत जातो. कडक धातू डायमधून सुटला की जास्त उसळी मारून परत रुंद होतो, म्हणून गोळी सैल. आणखी कडक झाला की चिरतो.

उपाय तांबटांचाच: तापवून नरम करणं, म्हणजे ॲनीलिंग. पण फक्त गळ्याचं. बुडाला प्रचंड दाब झेलायचा असतो. ते नरम पडलं तर पुंगळी फुटून गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. चिरलेली पुंगळी मात्र थेट भंगारात.

न वापरताच तडकलेली काडतुसं

आता यातला आपल्या देशातला किस्सा. ब्रिटिश काळात पावसाळ्यात लष्कराच्या हालचाली थंडावायच्या आणि काडतुसं तबेल्यांत ठेवली जायची. पाऊस सरल्यावर बघावं तर अनेक पुंगळ्या तडकलेल्या, तेही जिथे गळा गोळीला आवळलेला असतो तिथेच. हंगामात तडकतात म्हणून नाव पडलं ‘सीझन क्रॅकिंग’.

खरं कारण 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी मांडलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, पावसाळी ओल आणि थंड अवस्थेत ओढलेल्या पितळात अडकून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ आपोआप चिरतं. ताण काढला की प्रश्न सुटतो. अनेक लष्करी काडतुसांच्या गळ्याजवळ निळसर-तपकिरी झाक दिसते, ती तापवल्याचीच खूण.

याचा आपल्याला काय उपयोग?

कर्जत-खालापूरला पाऊस कसा कोसळतो ते सांगायला नको. माथेरानला घोडे आहेत, खाली गावागावांत गोठे आणि पोल्ट्रीच्या शेड आहेत. तिथेही अमोनिया सुटतोच. फवारणी पंपाचा पितळी नोझल, पाण्याच्या लाइनचे पितळी नट पावसाळाभर तिथेच पडून असतील, तर कोरड्या जागी हलवा. नट गरजेपेक्षा जास्त आवळू नका, तो अडकलेला ताणच पुढे चीर पाडतो. आणि चीर दिसली तर एम-सील लावून चालवू नका, पार्ट बदला.

तुमच्याकडे असं काही तडकलेलं पितळ असेल तर फोटो पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये त्यावर बोलू. चला, भेटू!