श्रेष्ठ कोण आणि ऋणी कोण

‘सगळ्यात श्रेष्ठ रॉक बँड कोणता?’ हा वाद अमेरिकेत निदान पन्नास वर्षे चालू आहे आणि तो मिटावा अशी कोणाचीच मनापासून इच्छा दिसत नाही. आपल्याकडे ‘भीमसेन की कुमार’, ‘लता की आशा’ यावर रात्री जागवल्या जातात, त्यातलाच हा प्रकार. आता तो आपल्या घरांतही शिरला आहे. आपल्यापैकी काहीजण पवईच्या किंवा पुण्याच्या होस्टेलात डीप पर्पल आणि पिंक फ्लॉइडच्या झिजलेल्या कॅसेटी ऐकून इथे आले. काहीजण या वाटेला कधी फिरकलेच नाहीत. मुले तर इथलीच. जेवणे झाली की मुलगा ‘लेड झेपेलिन’ म्हणतो, काका ‘बीटल्स’ म्हणतात, आणि ज्यांना दोन्हींतला फरक कळत नाही ते सुपारीचा डबा शोधायला उठतात. हा लेख मुख्यतः त्या उठणाऱ्या मंडळींसाठी आहे.

माझे म्हणणे असे, की या वादात दोन निराळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. श्रेष्ठ कोण, हा आवडीचा प्रश्न आहे आणि त्यात शेवटचा शब्द कोणाचाच नाही. प्रभाव कोणाचा, हा मात्र बराचसा हिशोबाचा प्रश्न आहे. कोणी कोणाकडून काय घेतले, केव्हा घेतले आणि घेतल्याचे कबूल केले का, हे तपासता येते. तपासू लागलो की मात्र ज्यांची नावे या वादात कोणी काढत नाही, अशी माणसे समोर येतात.

त्याआधी खप बाजूला काढून ठेवू. ईगल्सचा १९७६ साली निघालेला निवडक गाण्यांचा संग्रह अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने २०१८ मध्ये अडतीस वेळा प्लॅटिनम ठरवला, म्हणजे ३ कोटी ८० लाख प्रतींचा हिशोब झाला. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ ते १९८८ या काळात ‘बिलबोर्ड’च्या यादीत एकूण ७४१ आठवडे होता. दोन्ही रेकॉर्डी उत्तम आहेत. पण ईगल्समुळे जगभरच्या पोरांनी गॅरेजात बसून काही नवे सुरू केले, असे म्हणता येत नाही. उलट उदाहरण न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’चे. त्यांची १९६७ सालची पहिली रेकॉर्ड फारशी कोणी विकत घेतली नाही. पुढे ब्रायन ईनो या संगीतकाराने १९८२ मध्ये गमतीने म्हटले, की ज्या थोड्यांनी ती घेतली त्या प्रत्येकाने स्वतःचा बँड काढला. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. वाक्लाव हावेल हे चेक नाटककार १९६८ च्या वसंतात न्यूयॉर्कला आले होते आणि परत जाताना त्यांनी व्हेल्व्हेटची एक रेकॉर्ड बरोबर नेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले. त्यानंतर तिथे ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ नावाचा बँड निघाला आणि तो व्हेल्व्हेटची गाणी वाजवू लागला. सरकारने त्या गोतावळ्यातल्या लोकांना १९७६ मध्ये पकडून खटला भरला. त्या खटल्याच्या संतापातून १९७७ चा ‘चार्टर ७७’ हा जाहीरनामा उभा राहिला, आणि त्याच्या पुढाऱ्यांतले हावेल १९८९ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष झाले. प्रभाव म्हणतात तो हा. खपाच्या आकड्यांतून तो दिसला नसता.

आता बीटल्स. त्यांच्या चाली गोड होत्या, हे सगळेच सांगतात. मला महत्त्वाची वाटते ती कामाची पद्धत. आपले भावगीत आठवा: कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा आणि वादक तर बहुतेक वेळा अनामिक. अमेरिका-इंग्लंडमधले लोकप्रिय संगीतही पुष्कळसे असेच चालत असे. गाणी लिहिणारे कचेरीत बसून लिहीत, कंपनीचा माणूस त्यांतले एक निवडी आणि गायक ते गाई. बडी हॉली, चक बेरी यांच्यासारखे स्वतःची गाणी रचणारे आधीही होते. पण चार मित्रांनी आपली गाणी आपण लिहायची, आपणच वाजवायची आणि आपणच गायची, ही रूढ रीत झाली ती मुख्यतः बीटल्समुळे. त्यांच्या १९६३ च्या पहिल्या एल.पी.वर चौदांपैकी आठ गाणी लेनन-मॅकार्टनी जोडीची होती आणि सहा इतरांची. चौदांपैकी दहा गाणी तर ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. पुढच्या वर्षी ९ फेब्रुवारीला ते एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात आले तेव्हा अमेरिकेत सुमारे ७ कोटी ३० लाख लोक टीव्हीसमोर होते. दुसऱ्या दिवशी गिटारच्या दुकानांत काय झाले असेल, याची कल्पना करावी.

दुसरी गोष्ट स्टुडिओची. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर ते शेवटचे वाजले. त्यानंतर त्यांनी स्टुडिओलाच वाद्य केले. त्यांच्याजवळ यंत्र होते चार पट्ट्यांचे, म्हणजे एका टेपवर चारच स्वतंत्र आवाज मावत. चार भरले की ते दुसऱ्या टेपच्या एका पट्टीवर एकत्र उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा नवे आवाज चढवायचे. प्रत्येक वेळी खरखर थोडी वाढणार, आणि एकदा एकत्र केलेले पुन्हा वेगळे काढता येणार नाही. १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ असा शेकडो तास खपून तयार झाला. पहिल्या एल.पी.चा एक दिवस आणि हे शेकडो तास यांत जेमतेम चार वर्षांचे अंतर आहे! रेकॉर्ड म्हणजे मैफलीचा फोटो नसून स्वतंत्र कलाकृती आहे, ही कल्पना तिथून पसरली. पिंक फ्लॉइड आणि क्वीन यांना ती आयती मिळाली.

सतारीची गोष्ट आपल्याला ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. जॉर्ज हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरात रविशंकरांकडे शिकायला मुंबईला आला. जानेवारी १९६८ मध्ये त्याने मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत आपल्याकडचे वादक घेऊन ध्वनिमुद्रण केले आणि त्यातला एक भाग बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गाण्यासाठी वापरला. आपली छाती यामुळे फुगते, ते ठीकच आहे. रॉकच्या इतिहासात मात्र हा एक छोटा, सुंदर फाटा आहे. मुख्य रस्ता दुसरीकडून आला.

त्या रस्त्याकडे जाण्याआधी बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची हकीकत सांगायलाच हवी. पत्र्याच्या कारखान्यात काम करताना सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून सगळे वाद्यच खालच्या स्वरात उतरवले. त्यातून जो जड, काळोखा आवाज निघाला तो ‘ब्लॅक सॅबथ’चा. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डीच्या सुरुवातीच्या गाण्यात षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यामधले अंतर पुन्हा पुन्हा वाजते. तेच अंतर यमनात आपल्याला प्रसन्न वाटते आणि इथे अंगावर येते. ‘हेवी मेटल’ हा अख्खा प्रकार १९७० च्या त्या रेकॉर्डीपासून मोजतात. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमला त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला तेव्हा मेटालिकासारखे बडे बँड त्यांच्या आधी वाजवायला आले होते. गायक ऑझी ऑस्बर्न त्यानंतर सतराच दिवसांनी गेला. एकाच घराण्याचा मूळपुरुष म्हणून कोणाचे नाव ठासून घेता येत असेल, तर ते सॅबथचे.

आता मुख्य रस्ता. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यांवरून हजारो काळी कुटुंबे शिकागोसारख्या शहरांत कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी आली. मडी वॉटर्स १९४३ मध्ये आला. गावाकडचा ब्लूज शहरातल्या गोंगाटात ऐकू येईना, म्हणून गिटारला वीज जोडली गेली. चेस रेकॉर्ड्स ही कंपनी ही गाणी काढी. ती चालवणारे दोघे भाऊ पोलंडात जन्मलेले ज्यू. म्हणजे सगळाच कारभार घर सोडून आलेल्यांचा. कंपनीची इमारत शिकागोत २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यू इथे अजून उभी आहे. रोलिंग स्टोन्सनी आपले नाव मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या गाण्यावरून घेतले आणि जून १९६४ मध्ये ते त्याच इमारतीत जाऊन ध्वनिमुद्रण करून आले. पुढच्या वर्षी अमेरिकन टीव्हीवरच्या ‘शिंडिग’ या कार्यक्रमात बोलावणे आले, तेव्हा त्यांच्या आग्रहामुळे हाउलिन वुल्फ हा वडीलधारा ब्लूज गायकही तिथे गायला. ज्या देशाचे हे संगीत, त्या देशातल्या गोऱ्या पोरांना ते इंग्लंडच्या गोऱ्या पोरांनी दाखवावे लागले, हे विचित्रच म्हणायचे.

याच चेस कंपनीत विली डिक्सन नावाचा धिप्पाड माणूस डबल बेस वाजवी आणि गाणी लिही. त्याची गाणी कोणी गायली पाहा: रोलिंग स्टोन्सनी ‘लिटल रेड रूस्टर’, क्रीमने ‘स्पूनफुल’, डोअर्सनी ‘बॅक डोअर मॅन’. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या एल.पी.वर त्याची दोन गाणी आहेत आणि तिथे त्याचे नावही छापले आहे. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या एल.पी.वरच्या ‘होल लॉटा लव्ह’ या गाण्याखाली फक्त बँडच्या चौघांची नावे होती. त्यातले बरेचसे शब्द डिक्सनच्या ‘यू नीड लव्ह’मधले, जे मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायले होते आणि १९६६ मध्ये स्मॉल फेसेस या लंडनच्या बँडने जवळजवळ तसेच उचलले होते. जिमी पेजची गिटारवरची धून त्याची स्वतःची, हे मान्य. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि आता त्या गाण्याखाली त्याचे नाव येते. १९९२ मध्ये तो वारला. चेसच्या जुन्या इमारतीत आज त्याच्या नावाचे प्रतिष्ठान आहे.

हा नुसता मानापमानाचा भाग नव्हे. रेकॉर्डीवर नाव म्हणजे प्रत्येक प्रतीमागे पैसे. आपल्याकडे गवई दुसऱ्याची बंदिश मांडण्याआधी उस्तादांचे नाव घेऊन कानाच्या पाळीला हात लावतो. त्यातून पैसे मिळत नाहीत, पण बंदिश कोणाची हे चारचौघांत नोंदले जाते. रॉकमध्ये पैसे होते, कानाला हात लावण्याची रीत मात्र उशिरा आली, आणि पुष्कळदा वकिलामार्फत.

इथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची सोनेरी तबकडी पाठवली, त्यात रॉकचे म्हणून एकच गाणे निवडले गेले. ते बीटल्सचे नाही आणि स्टोन्सचेही नाही. चक बेरीचे ‘जॉनी बी. गुड’ आहे. त्याच तबकडीवर गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम आणि सेंट लुईसच्या काळ्या वस्तीतली गिटार, दोन्ही एकाच चकतीवर सूर्यमालेबाहेरच्या वाटेवर आहेत.

क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तेव्हा तो आपला, असे बरेचजण सांगतात. फारुख बुलसारा हा झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा शाळेतच ‘हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवी, हे खरे. पण कौल देताना गाववाला म्हणून मत द्यायचे, तर मग निवडणूकच लढवावी.

मुले विचारतील, ‘ते सगळे ठीक, पण नाव सांगा.’ सांगतो. प्रभाव बीटल्सचा, कारण बँड म्हणजे काय याची व्याख्याच त्यांनी बदलली. त्यांच्याही आधी चक बेरी आणि विली डिक्सन; पण ते बँड नव्हेत, म्हणून यादीत बसत नाहीत, हा यादीचा दोष. आणि श्रेष्ठ? माझ्यापुरते लेड झेपेलिन. एवढे ऋण दाखवूनही त्यांचेच नाव का, असे कोणी विचारील. कारण घेतलेल्या गोष्टीचे त्यांनी जे केले ते दुसऱ्या कोणालाच जमले नाही. १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला, त्यावरचे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे गाणे मेंफिस मिनी आणि कॅन्सस जो या जोडप्याने १९२९ मध्ये म्हटले: दोन गिटारी, एक आवाज, बस्स. झेपेलिनने १९७१ मध्ये ते घेतले, आणि या खेपेला मेंफिस मिनीचे नाव मुकाट्याने छापले. एका जुन्या इंग्रजी वाड्याच्या दिवाणखान्यात जॉन बॉनमचे ड्रम ठेवले आणि मायक्रोफोन वर जिन्यावरून टांगले. त्या रिकाम्या जागेचा घुमारा गाण्यात उतरला आहे; पाणी चढत येते आहे असे वाटते. बॉनम १९८० च्या सप्टेंबरात गेला आणि उरलेल्या तिघांनी डिसेंबरात बँड बंद केला. त्याच्या जागी दुसरा माणूस बसवला नाही, हेही मला त्यांच्या बाजूने मोजावेसे वाटते.

ज्यांना हे सगळे नवीन आहे त्यांनी आधी १९२९ चे ऐकावे, मग १९७१ चे. दोन्ही मिळून दहा-साडेदहा मिनिटांचे काम आहे. दुसरे थोडे मोठ्याने लावावे लागते, तेव्हा शेजाऱ्यांचा अंदाज घेऊन.