गोठवलेला मटार : थेट फोडणीतच घाला

शिरढोण (ता. पनवेल) : थंडी सरते, पोपटीच्या वालाच्या शेंगा संपतात आणि मुंबई-गोवा महामार्गालगतच्या या गावातही पुलावासाठी फ्रीजरमधील मटाराची पिशवी निघते. 'शिळी भाजी' म्हणून तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. गोठवण्यापूर्वी दाणे एक-दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार केलेले असतात. त्यामुळे रंग व चव बिघडवणारी विकरे निष्क्रिय होतात. 'क' जीवनसत्त्व मात्र थोडे घटते. उरलेले बहुधा आपणच घालवतो. दाणे तासभर पाण्यात ठेवायचे, पाणी ओतून द्यायचे आणि वर कुकरच्या शिट्ट्या! त्याऐवजी ते न वितळवता तापलेल्या फोडणीत टाकावेत. आच मोठी असावी, म्हणजे सुटलेले पाणी आटते. तीन-चार मिनिटांत, दाण्यांतून वाफ निघू लागली की काम झाले.

कोशिंबिरीत मात्र ते न शिजवता घालू नयेत. युरोपात गोठवलेल्या मक्यातून पसरलेल्या लिस्टेरिया जिवाणूंमुळे २०१५ पासून जून २०१८ पर्यंत ४७ जण आजारी पडले, त्यांपैकी ९ दगावले. थंडीने हे जिवाणू मरत नाहीत, शिजवल्यानेच मरतात. पिशवीत सुट्या दाण्यांऐवजी घट्ट गोळा लागला, तर वीज गेलेली असताना मटार वितळून पुन्हा गोठला असण्याची शक्यता असते.