भिंतीवरचा सॉकेट नकाशात कुठे गेला?

उर्दू शिकवताना आम्ही मुलांना आधी नुक्त्याची धास्ती घालतो. होडीसारखी एकच आकृती. खाली एक नुक्ता दिला की बे, तीन दिले की पे, वर दोन दिले की ते. विजेच्या नकाशाचेही असेच असते, हे भिवंडीतल्याच आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने दाखवले. लहान वर्तुळातून एक तिरकी रेघ निघाली तर साधा स्विच. तीच रेघ पलीकडच्या बाजूनेही निघाली तर टू-वे, म्हणजे जिन्यातला दिवा खाली लावून वर बंद करायचा. ती एक रेघ राहिली तर वायरमन साधा स्विच बसवून मोकळा होतो, आणि घरातली म्हातारी माणसे अंधारात पायऱ्या चाचपडतात.

हा मुलगा अब्बांच्या लूमवर न बसता रेव्हिट शिकला. इमारतीचे त्रिमितीय मॉडेल करणारे हे सॉफ्टवेअर. त्यात पंखा, दरवाजा, सॉकेट अशा प्रत्येक वस्तूच्या साच्याला 'फॅमिली' म्हणतात. कौटुंबिक मासिकात हे लिहिताना गंमत वाटते. नोकरीसाठी त्याने एके ठिकाणी चाचणी दिली. मॉडेलमध्ये सगळे सॉकेट भिंतींवर जागच्या जागी होते, छापील नकाशावर मात्र एकही नाही. कारण न सांगताच त्याला नकार मिळाला. "सर, काम तर पूर्ण केलं होतं," एवढेच तो म्हणत राहिला.

पुढच्या रविवारी त्याने लॅपटॉप आणला. ७५ मिलिमीटरचा सॉकेट १:१०० च्या नकाशावर पाऊण मिलिमीटर उरतो, मग दिसणार काय? म्हणून त्याचे चिन्ह 'जेनेरिक अ‍ॅनोटेशन' म्हणून वेगळे काढतात आणि सॉकेटच्या फॅमिलीत बसवतात. चिन्ह कागदावर चार मिलिमीटरचे काढले तर नकाशाचे प्रमाण बदलले तरी ते तेवढेच राहते. हे त्याने नीट केले होते. पण चिन्ह म्हणजे सपाट चित्र. सॉकेट भिंतीवर उभा बसला की चिन्हही त्याच्याबरोबर उभे राहते, आणि वरून पाहिलेल्या नकाशात ते दिसतच नाही. यासाठी फॅमिलीच्या गुणधर्मांत 'मेन्टेन अ‍ॅनोटेशन ओरिएंटेशन' नावाची चौकट असते. त्या चौकटीत खूण करायची राहिली होती. बस्स, एवढेच!

चिन्हे मनाने काढू नयेत, हेही तो शिकला. आयईसी ६०६१७ या आंतरराष्ट्रीय मानकात ती ठरलेली आहेत. आखातात काम करायचे तर ती भाषा यायलाच हवी. सर्किटचा क्रमांकही हाताने लिहू नये, टॅग लावावा. टॅग मॉडेलमधली माहिती वाचतो, त्यामुळे सर्किट बदलले की क्रमांकही बदलतो.

आपल्या मोहल्ल्यात घर बांधताना वायरमन भिंतीवर खडूने खुणा करतो, त्यावर प्लास्टर चढते आणि नकाशा कुणाकडेच उरत नाही. पुढे फळीसाठी ड्रिल मारताना वायर कुठून गेली आहे ते कोण सांगणार?

सध्या तो स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्याचा नकाशा करतो आहे. परवा अम्मींनी कागदावर बोट ठेवून विचारले, "मिक्सरचा सॉकेट ओट्यापासून इतका लांब कशाला?" त्याने सॉकेट सरकवला, तसे चिन्हही सरकले.