‘सागा’ खेळमालेचा प्रारंभ कसा करावा

पेण व रोहा या दोन तालुक्यांत आज असें घर क्वचितच सांपडेल, कीं ज्यांत शाळकरी मुलाच्या हातीं मोबाईल येत नाहीं. मोबाईलच्या मागून खेळ येतात, आणि खेळ आले कीं वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु ‘खेळ’ या एका शब्दांत पुष्कळ भिन्न वस्तु कोंबल्या जातात, हें फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. पुस्तक म्हटलें म्हणजे त्यांत पंचांगहि आलें आणि कादंबरीहि आली; तसेंच हें आहे. कांहीं खेळ पांच मिनिटांची करमणूक असतात, तर कांहीं एखाद्या मोठ्या कादंबरीप्रमाणें कित्येक आठवडे पुरतात. या दुसऱ्या जातीमध्यें ‘सागा’ नांवाची एक जपानी खेळमाला आहे. १९८९ सालीं ती सुरू झाली, आणि २०२४ सालींहि तिच्यांत नवी भर पडली. तिची कीर्ति मोठी आहे. पण ती हौसेनें हातीं घेऊन तीन-चार दिवसांत सोडून देणारेहि थोडे नाहींत. असें कां होतें, आणि नवख्यानें आरंभ कोठून व कसा करावा, हा येथें विचाराचा विषय आहे.

या जातीच्या खेळाची सामान्य रीत प्रथम समजून घेतली पाहिजे. यांस ‘रोल-प्लेइंग’, म्हणजे भूमिका घेऊन खेळावयाचे खेळ, असें म्हणतात. खेळणारा एखाद्या काल्पनिक देशांतील पात्राची भूमिका घेतो, सोबती जमवितो, गांवोगांव हिंडतो, लोकांशीं बोलतो व शत्रूंशीं लढतो. बहुतेक अशा खेळांत प्रत्येक लढाईनंतर कांहीं गुण मिळतात; गुणांची ठराविक बेरीज झाली, कीं पात्र एक पायरी वर चढतें आणि त्याचें बळ वाढतें. सरकारी नोकरींतील वार्षिक वेतनवाढीसारखाच हा प्रकार होय. वाट अडली, तर मागें फिरावें, आणखी पन्नास लढाया कराव्या आणि बळकट होऊन परत यावें, ही युक्ति तेथें सहसा चुकत नाहीं. ‘सागा’मध्यें नेमकी हीच युक्ति फसते, आणि नवखा अडखळतो तोहि येथेंच.

या मालेचे जनक अकितोशी कावाझु हे होत. ‘स्क्वेअर’ या जपानी कंपनीच्या ‘फायनल फॅन्टसी’ या जगप्रसिद्ध मालेंतील १९८७ व १९८८ सालच्या पहिल्या दोन खेळांवर त्यांनीं काम केलें होतें. १९८९ सालीं ‘निन्टेन्डो’ कंपनीनें हातांत मावणारें ‘गेम बॉय’ हें यंत्र बाजारांत आणलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्या यंत्रावर पहिला ‘सागा’ प्रसिद्ध झाला. एक प्रचंड मनोरा, त्याच्या मजल्यांवरून जोडलेलीं निरनिराळीं जगें, आणि शिखरावर स्वर्ग आहे अशी लोकांची समजूत, एवढेंच त्याचें कथानक. परंतु पात्रांच्या वाढीची रीत अगदींच निराळी होती. माणूस असेल, तर तो दुकानांतून औषधें विकत घेऊन बलवान होई. दुसऱ्या एका जातीच्या पात्रांना लढाईनंतर अकस्मात् नवी शक्ति प्राप्त होई, आणि कधीं असलेली शक्ति नाहींशीहि होई. राक्षस मात्र हरलेल्या शत्रूचें मांस खाऊन आपलें रूपच बदलीत असे. तें रूप पूर्वीपेक्षां बलवानच असेल, याचा नेम नसे. म्हणजे चढत्या पायऱ्यांचा ठराविक जिना पहिल्याच खेळांत काढून टाकलेला होता.

पुढें १९९२ सालीं ‘रोमान्सिंग सागा’ निघाला. त्यांत आठ नायक-नायिका आहेत. त्यांपैकीं कोणीहि एक निवडावा आणि आपल्या इच्छेनुसार हिंडावें, अशी योजना आहे. येथें एक नवीनच अडचण उभी राहते. जसजशा लढाया होत जातात, तसतसा त्या जगांतील काळ पुढें सरकतो आणि शत्रूहि प्रबळ होत जातात. एखाद्या गांवचें संकट वेळीं निवारलें नाहीं, तर ती संधि निघून जाते. सवयीप्रमाणें लढायांवर लढाया करीत बसणारा मनुष्य बळ वाढविण्याच्या नादांत कथाच गमावून बसतो. आषाढांत भाताची लावणी टाकून जो नांगराला धार लावीत राहील, त्याची जी गत होईल, तीच याची होते.

१९९३ सालच्या ‘रोमान्सिंग सागा २’ मध्यें या मालेचें सर्वांत प्रसिद्ध लक्षण प्रकट झालें. जपानींत त्यास ‘हिरामेकि’ म्हणतात. मराठींत त्यास ‘स्फुरण’ म्हणतां येईल. लढाईच्या ऐन धामधुमींत एखाद्या पात्राच्या डोक्यावर विजेचा दिवा लखकन् पेटतो, आणि त्या क्षणीं त्याला तलवारीचा वा भाल्याचा एक नवा डाव सुचतो. हा डाव केव्हां सुचेल, हें आधीं सांगतां येत नाहीं. मात्र दुबळ्या शत्रूशीं शंभर वेळां लढण्यापेक्षां तुल्यबळ किंवा वरचढ शत्रूपुढें उभें राहिल्यानें तो सुचण्याचा संभव अधिक असतो.

पेणच्या लोकांना ही कल्पना समजावयास कठीण जाऊं नये. पेण शहरांत आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गांवांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. तेथें नवीन आलेला मुलगा आधीं माती मळतो, मग साचा भरतो, मग जोड पुसून अंग गुळगुळीत करतो, मग रंगाला हात लावतो. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सर्वांच्या शेवटीं त्याच्या वांट्याला येते. इतक्या मूर्ति झाल्या म्हणजे हात बसलाच, असा हिशेब तेथें कोणी मांडीत नाहीं. एके दिवशीं रेघ बरोबर उतरते, आणि मग ती उतरतच राहते. ‘सागा’तील विद्या या प्रकारची आहे, परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखी नाहीं.

याच खेळांतील दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. यांतील नायक एक व्यक्ति नसून सम्राटांची एक परंपरा आहे. आरंभींच वृद्ध सम्राट लिऑन याच्या थोरल्या मुलाला क्झिन्सी नांवाचा शत्रु ठार करतो. लिऑन स्वतः त्याच्यावर चालून जातो आणि त्याच घातकी अस्त्रानें पडतो. पण मरण्यापूर्वीं एका मंत्राच्या योगें तो आपलें सर्व ज्ञान धाकट्या मुलास देतो. हा जेरार्ड पुस्तकांत रमणारा तरुण. तरी बापानें प्राण देऊन तें अस्त्र पाहिलेलें असल्यामुळें तें चुकवावें कसें, हें त्याला कळतें. पुढें पिढ्यामागून पिढ्या जातात. एक सम्राट पडला, तरी त्याची विद्या वारसास मिळते, आणि त्याला सुचलेले डावहि पुढें इतरांना शिकतां येतात. पराभव म्हणजे सर्वनाश नव्हे, हें येथें उपदेशानें न सांगतां खेळाच्या नियमांतच गोंवलेलें आहे.

आतां नवखे हा खेळ कां सोडतात, तें स्पष्ट होईल. चार लढायांत चार वेळां हरल्यावर मुलाची समजूत होते कीं आपल्यालाच कांहीं येत नाहीं. वास्तविक त्यानें दुसऱ्या खेळाचे नियम या खेळाला लावलेले असतात. ही समजूत केवळ खेळापुरती राहिली असती, तर तिचा एवढा विचार करण्याचें कारण नव्हतें. परंतु श्रम केले त्या प्रमाणांत त्याच दिवशीं फळ मिळालेंच पाहिजे, आणि न मिळालें तर आपण नालायक, ही वृत्ति पाटी-पुस्तकांतहि शिरते व पुष्कळ होतकरू मुलांचें गणित आणि इंग्रजी तिनेंच बुडतें. म्हणून या खेळाची दीक्षा नीट मिळणें अगत्याचें आहे.

प्रारंभ कोठून करावा? कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो, आणि तेथें प्रत्येक स्टेशन मागच्या स्टेशनानंतरच येतें. या मालेचें तसें नाहीं. बहुतेक खेळांच्या कथा स्वतंत्र असल्यामुळें पहिल्यापासून क्रमानें जाण्याची गरज नाहीं. ज्याच्यापाशीं संगणक किंवा टीव्हीला जोडावयाचें खेळयंत्र आहे, त्यानें ऑक्टोबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेला ‘रोमान्सिंग सागा २ : रिव्हेंज ऑफ द सेव्हन’ घ्यावा. वर सांगितलेल्या सम्राटांच्या कथेचीच ही नवी आवृत्ति आहे. तींत सोपी पातळी निवडतां येते, आणि कोणता डाव वापरला असतां नवें कांहीं सुचण्याचा संभव आहे, तें दिव्याच्या खुणेनें दाखविलेलें असतें. ज्याच्यापाशीं केवळ मोबाईल आहे, त्याला ‘सागा फ्रंटियर’ या १९९७ सालच्या खेळाची २०२१ सालची सुधारलेली आवृत्ति बरी. तींत आठ नायकांच्या आठ निराळ्या कथा आहेत. त्यांतील रेड या तरुणाची कथा बऱ्याच सरळ वाटेनें जाते. ल्यूट याची इतकी मोकळी आहे, कीं नवख्याला पुढें करावें काय तेंच कळत नाहीं. म्हणून रेड आधीं, ल्यूट मागाहून. २००२ सालचा ‘अनलिमिटेड सागा’ तर अगदीं शेवटीं ठेवावा. त्याच्या अवघडपणाला जुने जाणकारहि वचकून असतात.

खेळतांना कांहीं पथ्यें पाळावीं. आपली प्रगति एकाच ठिकाणीं न नोंदवितां दोन-तीन निरनिराळ्या नोंदी ठेवाव्या, म्हणजे एक वाट बंद झाली तरी मागें येतां येतें. पळून जाण्यांत कमीपणा मानूं नये. पांचहि सोबत्यांच्या हातीं एकच हत्यार देऊं नये. एक तलवारीचा, एक धनुष्याचा, एक मंत्राचा अशी वांटणी करावी आणि व्यूह नीट रचावा. बहुतेक खेळांत प्रत्येक पात्राला ‘एल्. पी.’ नांवाची आयुष्याची मोजकी शिदोरी असते. तें लढाईंत पडलें म्हणजे ती कमी होते, आणि ती संपली कीं पात्र अंतरतें. तिच्यावर सतत लक्ष असावें. शेवटचें पथ्य सर्वांत कठीण आहे: एकाच फेरींत सर्व कांहीं पाहण्याचा हव्यास धरूं नये. जें सुटलें, तें दुसऱ्या फेरींत दुसऱ्या नायकाबरोबर पाहतां येतें.

या मालेचे दोषहि झांकूं नयेत. नियम समजावून सांगण्यांत ती पुष्कळदां कंजूष आहे. ‘सागा फ्रंटियर’च्या मूळ आवृत्तींत सातच कथा होत्या, गाळलेली आठवी कथा चोवीस वर्षांनीं जोडण्यांत आली. शिवाय हे खेळ मराठींत नाहींत. इंग्रजी वाचतां आलें पाहिजे. परंतु जवळ कोश घेऊन बसणाऱ्या मुलाला हा दोष लाभाचाच ठरेल. त्यांतून केन्जी इतो यांचें संगीत आणि तोमोमि कोबायाशी यांचीं चित्रें हीं अशीं आहेत, कीं खेळाची आवड नसलेल्यानेंहि क्षणभर थांबावें.

आईबापांनीं दोन गोष्टी कराव्या. पहिली, वेळेचें बंधन घालावें. तासाभराच्या बेतानें खेळलें तरी यांत कांहीं बिघडत नाहीं. दुसरी, मुलगा उठल्यावर ‘जिंकलास कां?’ असें विचारण्याऐवजीं आज कोणता डाव सुचला, कोण पडलें आणि त्याच्या मागें कोण उभें राहिलें, हें विचारावें. पहिल्या आठवड्यांत उत्तर बहुधा पराभवाचेंच येईल. तेवढा आठवडा निभावला, म्हणजे पुढची वाट त्याची त्याला सांपडूं लागते.